कोणती लोणी? : वाट विचारण्याच्या इतिहासाविषयी

मराठीत 'वाट' हा शब्द जितका जमिनीचा आहे तितकाच मनाचाही आहे. आपण वाट चालतो, वाट चुकतो, वाट पाहतो. कुणाच्या वाटेला जात नाही. एखाद्या गोष्टीची वाट लावतो. 'रस्ता' फारसीतून आला, 'मार्ग' संस्कृतातून आला, आणि दोघांनीही आपापली कामे वाटून घेतली. पण रस्ता बांधावा लागतो, वाट मात्र पडते. ती अनेकांच्या पायांनी पडते, म्हणून तिच्यात आधीच्या माणसांचे असणे गृहीत असते. 'वाट विचारणे' या क्रियेत तर किमान दोन माणसे लागतात. एकाला ठाऊक नसते, दुसऱ्याला ठाऊक असते, आणि पहिल्याला ते कबूल करावे लागते.

या क्रियेला गेल्या पंचवीस वर्षांत जे वळण मिळाले त्याचा विचार आम्ही येथे एका गावाच्या निमित्ताने करीत आहोत. गाव आहे लोणी काळभोर. पुण्यापासून सुमारे अठरा किलोमीटरवर, सोलापूर रस्त्यावर, हवेली तालुक्यात. निमित्त आहे ते मध्यमवर्गीय कुटुंबात हल्ली येणाऱ्या नव्या मोटारीचे. व्यापारी भाषेत तिला 'क्रॉसओव्हर' म्हणतात. बांध्याने जीपसारखी उंच, पण चालीने शहरी मोटारीसारखी मऊ. तिच्या समोरच्या फळीवर मधोमध एक पडदा असतो. गाणी, फोन, मागचा कॅमेरा आणि नकाशा असे सारे त्या एका पडद्यात एकवटलेले असते. गाडी घरी आल्यावर नारळ फुटतो, हार चढतो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, आणि मग कुटुंबातले कुणीतरी त्या पडद्यापुढे बसून तो 'लावून' घेऊ लागते. हे लावणे म्हणजे एका जुन्या सामाजिक व्यवहाराची नवी मांडणी असते, आणि तिच्यामागे मोठा इतिहास आहे. तो केवळ यंत्रांचा नाही, भाषेचाही आहे. म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तो वाचावा असे आम्हांस वाटते.

१. नाव

त्या पडद्यावर 'लोणी' एवढेच लिहिले तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. एकट्या पुणे जिल्ह्यात सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोर आहे, नगर रस्त्यावर लोणीकंद आहे, बारामती तालुक्यात लोणी भापकर आहे, इंदापूर तालुक्यात लोणी देवकर आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरानगरजवळची लोणी आहे आणि श्रीगोंदा तालुक्यातले लोणी व्यंकनाथ आहे. उत्तरेत दिल्लीला खेटून गाझियाबाद जिल्ह्यातही एक लोनी आहे. यंत्र त्यांतली एखादी पुढे करते, किंवा यादी देऊन निवड आपल्यावर सोपवते.

हा गोंधळ यंत्राने निर्माण केलेला नाही. तो आधीपासूनच होता आणि मराठी समाजाने त्यावर उपायही शोधला होता. एकाच नावाच्या दोन गावांना वेगळे काढण्यासाठी बुद्रुक-खुर्द ही जोडी आली, नदीचे किंवा देवाचे नाव आले, आणि अनेक ठिकाणी गावातल्या प्रमुख भावकीचे आडनाव गावाला चिकटले. काळभोर, कंद, भापकर, देवकर ही नावे त्या प्रकारची. 'कोणती लोणी?' या प्रश्नाला 'काळभोरांची' हे उत्तर. पत्त्याचा उलगडा अक्षांश-रेखांशांनी होत नव्हता, माणसांच्या नावांनी होत होता. त्यात सत्ताही होती, हे विसरता येणार नाही. गावाला ज्यांचे आडनाव लागले ते गावातले सर्वच लोक नव्हते. ज्यांच्याकडे जमीन आणि पाटीलकी होती, ते होते.

भाषेने आणखी एक बारीक भेद राखलेला आहे. खायचे लोणी नपुंसकलिंगी. त्याचे सामान्यरूप 'लोण्या-' असे होते. गावाचे नाव मात्र तसे चालत नाही. आपण 'लोणीला जातो', 'लोण्याला' जात नाही. मराठी बोलणाऱ्या लहान मुलालाही हा फरक कुणी शिकवावा लागत नाही. गावाचे नाव हा वेगळ्या प्रकारचा शब्द आहे हे व्याकरणालाच ठाऊक आहे.

लोणीच्या नावाने अभ्यासकांचीही परीक्षा घेतली आहे. थॉमस कोट्स या इंग्रज शल्यवैद्याने पेशवाईच्या अस्तानंतर लगेचच पुण्याजवळच्या एका गावाचे सविस्तर वर्णन लिहिले. ते मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या नियतकालिकात १८२३ साली छापून आले. मराठी खेड्याच्या आरंभीच्या समाजवर्णनांत त्याची गणना होते. त्याने रोमन लिपीत लिहिलेले गावाचे नाव परत उच्चारले की 'लोनी' एवढेच हाती येते. ही लोणी म्हणजे लोणीकंद. गो. स. घुर्ये यांनी पुढे त्याच गावाचा पुन्हा अभ्यास करून १९६० साली 'सव्वाशे वर्षांनंतर' या आशयाच्या नावाने इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा शीर्षकातच 'लोणीकंद' असे पूर्ण नाव घातले. कोट्सच्या नोंदीत सुटलेला 'कंद' घुर्ये यांच्या शीर्षकात परतला. योगायोग असा की लोणी काळभोर आणि लोणीकंद ही दोन्ही पोलीस ठाणी २०२१ मध्ये ग्रामीण पोलिसांकडून पुणे शहर पोलिसांकडे आली. म्हणजे आता एकाच आयुक्तालयात दोन लोणी आहेत, आणि 'कोणती?' हा प्रश्न संपलेला नाही.

२. दिशा

वाट सांगण्याच्या भाषा ढोबळमानाने तीन. पहिली निरपेक्ष दिशांची : पूर्व, आग्नेय, उत्तर. दुसरी खुणांची : वडापासून, ओढ्याच्या पल्याड, देवळाच्या मागे. तिसरी चालणाऱ्याच्या अंगाची : उजवीकडे, डावीकडे, सरळ. प्रत्येक समाज तिन्ही वापरतो. कुठली केव्हा पुढे येते, यावरून बरेच काही कळते.

पहिल्या भाषेचा मराठीतील अपूर्व नमुना म्हणजे महानुभाव पंथातील 'स्थानपोथी'. चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, बसले, जेवले, त्या स्थानांची ही नोंद. चौदाव्या शतकातील मुनिव्यासांचे नाव तिच्याशी जोडले जाते, आणि वि. भि. कोलते यांनी ती संपादून आधुनिक वाचकापुढे आणली. गावाच्या कोणत्या दिशेला कोणते देऊळ, त्याचे दार कोणीकडे, त्याच्या कोणत्या अंगाला मठ, अशा कोरड्या तपशिलांनी ती भरलेली आहे. चरित्र सांगून भागणार नव्हते. स्थानांची पडझड झाली, वस्ती हलली, तरी पुढच्या पिढीतल्या श्रद्धाळूला नेमकी ती जागा सापडली पाहिजे, ही तिची गरज होती. 'डावीकडे' हा शब्द येणारा कुठून येतो यावर अवलंबून असतो. 'आग्नेय' कुणावरही अवलंबून नसते. शतकानुशतके टिकावी अशी वाट लिहायची तर दिशा निरपेक्षच हवी, हे त्या लेखकाने ओळखले होते. मराठी गद्याच्या आरंभकाळात असा ग्रंथ व्हावा, आणि आपल्या अभ्यासक्रमांत त्याची ओळख बहुधा एका ओळीपुरती असावी, याचे वैषम्य वाटते.

दुसरी भाषा बोलीची आहे. 'हाकेच्या अंतरावर', 'कोसभर', 'चार पावलांवर' ही तिची मापे. येथे अंतर शरीराने मोजलेले असते : आवाज कुठवर पोहोचतो, पाय किती चालतात. 'वर' आणि 'खाली' हेही तिचेच शब्द. आपण कोकणात उतरतो, घाटावर चढतो, देशावर जातो. कागदी नकाशात वर म्हणजे उत्तर. बोलीत वर म्हणजे खरोखरच वर. गोडसे भटजींनी १८५७ च्या धामधुमीत वरसईहून उत्तरेकडे जो प्रवास केला, आणि जो 'माझा प्रवास' या नावाने १९०७ साली छापून आला, त्यातही भूगोल मजला आणि मुक्कामांचाच आहे. कुठे निजलो, कुठे जेवलो, कुणी आसरा दिला, यांतून वाट उलगडते.

लोणी काळभोरच्या संदर्भात या दुसऱ्या भाषेला विशेष अर्थ आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघते. आकुर्डी, मग पुणे, आणि पुण्याहून निघाल्यावरचा पहिला मुक्काम लोणी काळभोर. पुढे यवत, वरवंड आणि बारामतीकडे. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमारास ही प्रथा सुरू केली असे मानले जाते. एकोणिसाव्या शतकात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी वेगळी झाली आणि दिवे घाटाने सासवडकडे जाऊ लागली. वारकऱ्याला नकाशा लागत नाही, याचे कारण त्याला वाट पाठ असते असे नव्हे. त्याच्यापुढे नेहमी कुणीतरी चालत असते. इरावती कर्वे यांनी या चालण्याविषयी लिहिले, दि. बा. मोकाशी यांनी १९६१ ची वारी करून १९६४ साली 'पालखी' हे पुस्तक दिले. दोघांच्याही लेखनात मुक्कामांची नावे एखाद्या मंत्रासारखी क्रमाने येतात, आणि त्या क्रमाला अर्थ असतो.

हमरस्त्याचे सरकारी नाव मात्र बदलत राहिले. पुणे ते मछलीपट्टण हा राष्ट्रीय महामार्ग पूर्वी क्रमांक ९ होता. २०१० च्या पुनर्क्रमांकनात तो ६५ झाला. पडद्यावर ६५ दिसते. लोणी काळभोरचा माणूस 'सोलापूर रोड' म्हणतो, आणि पुढील अनेक वर्षे तेच म्हणेल. क्रमांक रस्त्याचे असतात. 'सोलापूर रोड' या नावात जाण्याची दिशा असते.

३. वाटाड्या

येथवर वाचून कुणाला वाटेल की आम्ही गेलेल्या काळासाठी गळा काढत आहोत. तसे करता येणार नाही, कारण वाट सांगणारा माणूस कोण होता हा प्रश्न टाळता येत नाही.

जुन्या गावगाड्यात वाट दाखवणे हे सौजन्य नव्हते. ते काम होते, आणि ते ठरावीक जातीवर लादलेले होते. सरकारी अंमलदार किंवा मोठा प्रवासी गावात आला की त्याला पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोहोचवणे, त्याचे ओझे वाहणे, निरोप नेणे ही महार वतनातील कर्तव्ये होती. शिवेवर पुढच्या गावचा माणूस ती जबाबदारी घेई. अशा तऱ्हेने साऱ्या मुलखात वाटाड्यांची साखळी उभी होती. दिवस-रात्र, ऊन-पाऊस पाहण्याची सोय नव्हती. वाटेची इतकी बारीक माहिती ज्याच्याजवळ होती, त्यालाच गावातल्या कित्येक वाटांवर मुक्तपणे चालण्याची मुभा नव्हती. ज्ञान होते, पण अधिकार नव्हता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, ते या बिनमोबदल्याच्या राबणुकीला वाचा फोडणारे होते. प्रत्यक्षात ही वतने संपवणारा कायदा १९५८ साली झाला. या जगण्याची साक्ष मराठी साहित्याने दिली आहे. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ चे. शंकरराव खरात यांच्या १९८१ च्या आत्मचरित्राचे नावच 'तराळ-अंतराळ'. तराळ म्हणजे गावकामासाठी, निरोपासाठी आणि वाट दाखवण्यासाठी सदैव हजर असणारा माणूस. त्या शीर्षकात वाटाड्याच्या नातवंडांनी स्वतःची वाट शोधल्याचा सारा इतिहास सामावला आहे.

म्हणून, पडद्यातला आवाज जेव्हा कुणालाही, कोणत्याही जातीच्या, कोणत्याही लिंगाच्या माणसाला एकाच सुरात 'दोनशे मीटरवर डावीकडे वळा' असे सांगतो, तेव्हा त्यात एक मुक्ती आहे हे मान्य केले पाहिजे. तो विचारणाऱ्याचे आडनाव विचारत नाही. रात्री एकटीने गाडी चालवणाऱ्या स्त्रीला टपरीवर थांबून चार पुरुषांना वाट विचारावी लागत नाही. 'पूर्वी माणसे माणसांना वाट विचारीत' या हळहळीत कोणती माणसे कोणाला निःशंकपणे विचारू शकत होती, हे बहुधा गाळलेले असते.

४. पडदा

आता यंत्राकडे. मोटारीत आधी वाट आली नाही, आवाज आला. अमेरिकेत गॅल्व्हिन कंपनीने १९३० साली मोटारीतला रेडिओ बाजारात आणला आणि त्याला 'मोटोरोला' हे नाव दिले. त्यामागून ध्वनिफिती आल्या. वाट दाखवणारे यंत्र यायला आणखी पन्नास वर्षे लागली. १९८१ साली होंडा कंपनीने जपानमध्ये एक उपकरण आणले. उपग्रहाशी त्याचा संबंध नव्हता. वायूवर चालणारा दिशामापक आणि चाकांचे फेरे यांवरून ते गाडीची जागा ठरवी, आणि ती जागा एका लहान पडद्यावर, पारदर्शक नकाशामागे, ठिपक्याने दाखवी.

१९८५ साली कॅलिफोर्नियात 'ईटॅक' नावाचे यंत्र आले. त्याचे नकाशे ध्वनिफितींसारख्या कॅसेटांवर भरलेले असत. हे नाव प्रशांत महासागरातील बेटांवरच्या दर्यावर्दींच्या एका पद्धतीवरून घेतले होते. ते नावाडी अशी कल्पना करीत की आपली होडी स्थिर आहे आणि बेटेच मागे सरकत आहेत. या यंत्रानेही तेच केले : गाडीचा बाण पडद्यावर एका जागी उभा, आणि भोवतालचा नकाशा फिरता. आपल्या तीन भाषांपैकी तिसरी, अंगाची भाषा, येथे नकाशावर राज्य करू लागली.

उपग्रहांची व्यवस्था मूळची अमेरिकेच्या लष्कराची. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली गेला. नागरी वापरासाठी मिळणारा संकेत मुद्दाम धूसर केलेला असे. ती अडवणूक मे २००० मध्ये उठली, आणि मग मोटारीतला ठिपका शेतातून चालण्याऐवजी रस्त्यावरून चालू लागला. परक्या लष्कराच्या मर्जीवर आपली वाट अवलंबून असू नये या जाणिवेतून भारताने स्वतःची उपग्रहमाला उभारली. २०१३ ते २०१६ या काळात तिचे सात उपग्रह सोडले गेले आणि तिला 'नाविक' हे नाव मिळाले. होडी, बेटे आणि नाविक : रस्त्यावरच्या यंत्रांना नावे मात्र समुद्राची, हे लक्षणीय आहे.

नकाशा कुणाच्या हाती असावा हा प्रश्न आपल्याकडे अधिक काळ रेंगाळला. एकोणिसाव्या शतकातील त्रिकोणमितीय सर्वेक्षणापासून नकाशा हा राज्यकर्त्याचा दस्तऐवज होता, आणि स्वातंत्र्यानंतरही तो बराचसा तसाच राहिला. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठीचे आणि सर्वांसाठीचे नकाशे वेगळे केले; फेब्रुवारी २०२१ मधील मार्गदर्शक सूत्रांनी भारतीय संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी आधी परवानगी घेण्याची अट काढली. रस्त्यांची छायाचित्रे दाखवणारी गूगलची सोय भारतातील दहा शहरांत जुलै २०२२ मध्ये सुरू झाली. त्यांत पुणे होते.

दरम्यान खुद्द मोटार पुण्याच्या परिसरातच घडू लागली होती. टाटांची इंडिका १९९८ च्या अखेरीस आली, ती पिंपरी-चिंचवडची. चाकण आणि रांजणगाव ही नावे पुढे देशभरच्या वाहन उद्योगाला पाठ झाली. त्याच सुमारास लोणी काळभोरला इंधन कंपन्यांचे डेपो होते आणि सोलापूर रस्त्यावर टँकरच्या रांगा होत्या. त्या टँकरांत चालकाशेजारी क्लीनर बसे, बोलीतला 'किन्नर'. मागे पाहणे, वळणावर उतरून इशारा करणे, अनोळखी गावात उतरून वाट विचारणे ही त्याची कामे. आजच्या कौटुंबिक मोटारीतला पडदा पाहिला की वाटते, मागचा कॅमेरा, अंतराची पीप-पीप आणि वाटेची सूचना या तिन्ही रूपांनी तो किन्नरच फळीत जाऊन बसला आहे.

५. निवडी

नवी गाडी अंगवळणी पडणे म्हणजे अनेक बारीक निवडी करणे. गाडीत बसवलेला नकाशा वापरायचा की फोनमधला पडद्यावर आणायचा? पहिला फोनची रेंज नसतानाही चालतो, पण जुना होतो. दुसरा ताजा असतो, पण डोंगरात अबोल होऊ शकतो. दूरची वाट असेल तर नकाशा आधीच उतरवून ठेवायचा. सर्वांत वेगवान वाट की सर्वांत जवळची? टोल टाळायचा? आणि एक निवड, जिच्याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही : पडद्यावर उत्तर कायम वर ठेवायची, की गाडीचे तोंड वर ठेवायचे?

ही शेवटची निवड म्हणजे स्थानपोथी आणि ईटॅक यांच्यातली निवड आहे. गाडीचे तोंड वर ठेवले की चालवणे सोपे जाते, कारण पडद्यावरचे डावे तेच आपले डावे. पण प्रदेश मनात उमटत नाही. दहा वेळा जाऊनही मुळा-मुठा आपल्या कोणत्या अंगाला होती हे सांगता येत नाही. उत्तर वर ठेवली की सुरुवातीला डोके फिरते. काही आठवड्यांनी मात्र थेऊर नदीकाठी उत्तरेच्या अंगाला, दिव्याचा डोंगर दक्षिणेला, आणि मध्ये पूर्वेकडे धावणारा सोलापूर रस्ता असे चित्र मनात पक्के होते. आम्ही दुसऱ्या पर्यायाची शिफारस करतो. वाहतूक दाट असताना पहिल्याची.

वेगवान वाटेची गोष्ट मात्र गंभीर आहे. नवी गाडी घेतलेले कुटुंब पहिल्यांदा बहुधा देवाला जाते, आणि लोणी काळभोरच्या कुटुंबाला थेऊरचा चिंतामणी अगदी जवळचा. हे अष्टविनायकांतले स्थान. थोरले माधवराव पेशवे १७७२ साली येथेच वारले. मग उत्साहाने पूर्ण अष्टविनायक यात्रेचा बेत होतो. रूढ क्रम असा : मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव, आणि पुन्हा मोरगाव. नकाशावर हा क्रम वेडावाकडा दिसतो. भीमेकाठच्या सिद्धटेकहून सह्याद्री ओलांडून पालीला उतरायचे, आणि पुन्हा घाट चढून थेऊरला यायचे! यंत्र हा क्रम एका क्षणात 'सुधारून' देईल आणि कित्येक तास वाचतील. बहुतेक कुटुंबे आज सोयीचाच क्रम घेतात आणि त्यात काही पाप नाही. पण क्रम हा केवळ अंतराचा प्रश्न नसतो, हे साहित्याच्या वाचकाला सांगायला नको. जेथून निघालो तेथे परत येणे यात कथेचा आकार आहे. कमीत कमी वेळेच्या गणितात त्या आकाराला जागा नसते.

आणि कधी प्रश्न आकाराचा नसतो, जिवाचा असतो. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ पुण्याहून आलेली एक मोटार रात्री धरणाच्या पाण्यात गेली आणि एकाचा मृत्यू झाला. फोनमधल्या नकाशाने दाखवलेल्या वाटेवरचा पूल त्या काळात पाण्याखाली होता. वर्षातले काही महिने तो बुडतो हे आसपासच्या प्रत्येकाला ठाऊक होते. नकाशाला जागा ठाऊक होती, ऋतू ठाऊक नव्हता. गावच्या माणसाच्या 'तिकडून आत्ता जाऊ नका' या वाक्यातला 'आत्ता' हा शब्द अजून यंत्राच्या व्याकरणात पुरता आलेला नाही.

आवाजाच्या निवडीबद्दलही एक निरीक्षण. पडद्यावर अभंग चालू असतो. मध्येच सूचना येते, अभंग दबतो, सूचना संपते, अभंग पुन्हा वर येतो. दोन आवाजांत कोण कुणाला थांबवणार हे आधीच ठरलेले असते. कुटुंबातला संवादही याच शिस्तीत बसतो. पूर्वी आजोबा मागून म्हणत, 'येथे आमची शाळा होती.' आता ते वाक्य सूचनेच्या आधी संपवावे लागते.

६. लिपी

अखेरीस पुन्हा नावाकडे. गूगलने जानेवारी २०२१ मध्ये मराठीसह दहा भारतीय भाषांत ठिकाणांची नावे आपोआप लिप्यंतरित करून दाखवण्याची सोय जाहीर केली. हेतू चांगला. पण ही वाट कशी आहे पाहा : 'लोणी काळभोर' हे मराठी नाव वसाहतकाळात रोमन लिपीत गेले. त्या लिपीत न आणि ण एकच, ल आणि ळ एकच. आता यंत्र त्या रोमन रूपावरून अंदाज करून नाव पुन्हा देवनागरीत आणते. गाझियाबादची लोनी आणि हवेलीची लोणी रोमन लिपीत जुळ्या बहिणी आहेत. आणि 'काळभोर'चे 'कालभोर' होण्यास काहीच अडचण नाही. नाव घरी परतते, पण त्याचे दोन वर्ण वाटेत गळालेले असू शकतात.

ही केवळ शुद्धलेखनाची कुरकुर नव्हे. कोट्सच्या नोंदीत सुटलेला 'कंद' परत आणायला दीडशे वर्षांजवळ काळ गेला. आज नव्या वसाहतींना बांधकाम व्यावसायिकांनी दिलेली इंग्रजी नावे पडद्यावर ठळक दिसतात, कारण ती कुणीतरी लगेच भरतो. ओढ्यांची, माळांची, वस्त्यांची जुनी नावे दिसत नाहीत, कारण ती भरणे हे कुणाचे काम नसते. जे नाव पडद्यावर नाही त्याला कुणी जात नाही. ज्याला कुणी जात नाही ते नाव उच्चारले जात नाही. आणि न उच्चारलेले नाव एका पिढीत संपते. उलट उदाहरणही गावातच आहे. राज कपूर यांच्या मालकीची येथली 'राजबाग' आता विद्यापीठाचा परिसर आहे, तरी तिचे नाव विद्यापीठाच्या पत्त्यात टिकले, म्हणून नकाशावरही टिकले. लिहिले गेले ते राहिले.

यावर उपाय आपल्या हाती आहे. २००४ साली सुरू झालेल्या 'ओपन स्ट्रीट मॅप' या खुल्या नकाशात प्रत्येक ठिकाणाचे मराठी नाव स्वतंत्रपणे, देवनागरीत नोंदवण्याची सोय आहे. व्यापारी नकाशांतही दुरुस्ती सुचवता येते. मराठी विभागांतून दरवर्षी ग्रामनामांवर प्रबंध होतात आणि कपाटात जातात. एखाद्या महाविद्यालयाने आपल्या पंचक्रोशीतील वस्त्या, ओढे, शिवा, फाटे यांची नावे वयस्कर माणसांकडून ऐकून, ण आणि ळ यांसह, नकाशात भरली तर तो प्रबंध रोज हजारो लोक वाचतील. नोंद करताना त्या माहितीचे धनी कोण, हेही विचारावे. वाटेचे ज्ञान ज्यांनी सक्तीने वाहिले त्यांच्या वस्त्यांची नावे बहुधा सर्वांत आधी गाळली गेली आहेत. काम किचकट आहे, कोरडे आहे. चौदाव्या शतकातील त्या महानुभाव लेखकाचे कामही तसेच होते, आणि त्याने ते मराठीत केले.